‘इतकं केलं, पण कशासाठी?’ अंबडच्या एका कारखानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय ५४. नाशिकला अंबड एमआयडीसीत वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना, ६० कामगार. कर्ज फिटलं, बंगला झाला. मुलगी टोरांटोत, मुलगा बंगळुरात, कारखान्यात यायची दोघांचीही इच्छा नाही. दोन वर्षांपूर्वी जवळचा मित्र हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून सकाळी गेटमधून गाडी आत घेताना ‘हे सगळं कशासाठी?’ असं वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला काय कमी आहे? मुलीने इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण, शोधायची चार वर्तुळं पाठवली, ती भरून पाहिली, काही उजेड पडला नाही. कारखाना विकून एखाद्या सामाजिक संस्थेत जावं, की स्वतःचा ट्रस्ट काढावा? आयुष्याला अर्थ देणारं काम शोधायचं कसं?

उत्तर:

मी गेली २४ वर्षं उपशामक सेवेत आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांच्या घरी जाणारं आमचं छोटं पथक आहे. डॉक्टर औषधं बघतात, नर्स जखमा धुते आणि मी, पेशाने वैद्यकीय समाजसेविका, उरलेलं सगळं. उरलेल्यात रेशनकार्डापासून भाऊबंदकीपर्यंत काहीही येतं.

माझं दुसरं काम स्वयंसेवक तयार करण्याचं. तुमचा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा माझ्याकडे चालत येतो तो त्या वाटेने. पन्नाशी उलटलेली, शर्टाला कडक इस्त्री, हातात गाडीची किल्ली. ‘मॅडम, आपलं सगळं झालंय. आता समाजासाठी काहीतरी करायचंय.’ यातले काही जण दहा-दहा वर्षं टिकलेत. बरेचसे सहाव्या आठवड्यापासून दिसेनासे होतात. कोण टिकतं आणि कोण गळतं हे बघता बघता जे कळलं तेवढंच सांगते. तत्त्वज्ञान मला फारसं येत नाही.

आधी एक कोरडी गोष्ट उरकून घेऊ. झोप कशी आहे? पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळाच लागत नाही, असं होतं का? जेवणाला चव लागते का? ज्यात रमायचात त्यातलं मन उडालंय का? ‘आपण नसलो तरी कोणाचं काय अडणार’ असं मनात येऊन जातं का? यातल्या दोन-तीन गोष्टींना ‘हो’ असेल, आणि शेवटच्या एकट्या प्रश्नाला ‘हो’ असेल तरीही, अर्थ नंतर शोधू. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. डिप्रेशन हा आजार ‘हे सगळं कशासाठी’ याच भाषेत बोलतो, आणि त्यावर उपचार आहेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. कारखानदार मंडळी सीएला वर्षातून दहादा भेटतात आणि डॉक्टरला थेट ॲम्ब्युलन्समधून, म्हणून हे सगळ्यात आधी.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही लिहिलंय, ‘शेवटी माणसाला कामधंदा, पैसा काही आठवत नसणार, तुम्ही तर हे रोज बघत असाल.’ नाही हो. असं सगळेच म्हणतात, भाषणात तर हमखास. मी पाहिलं ते वेगळं आहे. माणसं शेवटच्या दिवसांत कामाबद्दल भरभरून बोलतात. हुद्द्याबद्दल मात्र क्वचित.

येवल्याचे एक पैठणी विणणारे आजोबा होते. घशाचा कॅन्सर, गळ्याला नळी, आवाज गेलेला. एकदा सून त्यांना विरंगुळा म्हणून मोबाइलवर कुठल्याशा साडीचा फोटो दाखवत होती. आजोबांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पदरावरच्या एका मोराच्या मानेवर बोट टेकवलं. कोणाला काही कळेना. मग त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, ‘इथं धागा चुकलाय.’ मॉर्फिनची गोळी घड्याळ बघूनच द्यायची असते, दुखेपर्यंत थांबायचं नसतं, त्यामुळे चारची गोळी चारलाच दिली. पण एरवी तीनपासून घड्याळाकडे बघणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी गोळीची आठवण आम्ही करून दिली. ते सुनेला मोराची मान शिकवत होते.

दुसरे एक जलसंपदा खात्यातले निवृत्त अभियंता. दारावर पितळी पाटी, नावाखाली भलंमोठं पद. मी मनाची तयारी करून गेले होते की आता बदल्या, बढत्या आणि मंत्र्यांचे किस्से ऐकायचे. ते तीन महिने बोलले ते एका वितरिकेबद्दल, म्हणजे मोठ्या कालव्यातून फुटणाऱ्या लहान कालव्याबद्दल. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा ते टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला पोचेना, म्हणून हे कालव्याच्या कडेने चालत गेले, कुठे पाणी मुरतंय ते स्वतः पाहिलं, दुरुस्त करून घेतलं, आणि मग टेलच्या शेतकऱ्याने त्यांना बांधावर बसवून भाकरी खायला घातली. ती भाकरी कशी होती, सोबत काय होतं, सगळं पाठ. बढतीची तारीख मुलाला विचारून सांगितली.

कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी अशा बोलण्याची एक पद्धतच बसवली आहे. डिग्निटी थेरपी म्हणतात तिला. शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचे, बोलणं टिपून घ्यायचं, नीट लिहून त्याला वाचून दाखवायचं आणि ते कागद घरच्यांसाठी ठेवायचे. २००५ मध्ये १०० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आम्ही त्याचं आमच्यापुरतं गावठी रूप करून घेतलंय, शंभर पानी वही आणि बॉलपेन. वह्या बऱ्याच झाल्या. त्यात ‘मिळवलं’ हे क्रियापद फार थोड्या वेळा येतं. ‘करायचो’, ‘शिकवलं’, ‘नेऊन सोडलं’, ‘बसून राहिलो’ ही पानोपानी.

तेव्हा यश एका पारड्यात आणि अर्थ दुसऱ्या, अशी मांडणी मला पटत नाही. बंगला बांधलात यात काही चूक नाही. तिशीत डाय, म्हणजे सुट्या भागांचे साचे, घासताना जे हात काळे व्हायचे, त्या कामाची ती पावती होती. आता कामाशी संबंध सुटलाय आणि समोर नुसत्या पावत्या येतायत. तुम्हीच लिहिलंय की गेली सहा वर्षं शॉप फ्लोअरवर तुम्ही ‘व्हिजिट’ला जाता. स्वतःच्या कारखान्यात व्हिजिटला!

आणि हेही बोलून टाकते. हा प्रश्न सगळ्यांना पडत नाही. घोटीकडची एक बाई होती, चाळिशीही गाठली नव्हती. तिला मरण्याआधी एकच गोष्ट माहीत करून घ्यायची होती, बचत गटाचं कर्ज कोणाच्या डोक्यावर जाणार. आयुष्याचा अर्थ काय, असं तिला विचारायची माझी टाप नव्हती. तुम्हाला हा प्रश्न पडतोय कारण पोट भरलंय आणि हात मोकळे आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही, पण विसरण्यासारखंही नाही.

आता टिकणाऱ्यांबद्दल. आमच्याकडे एक निवृत्त बँक मॅनेजर येतात. आले तेव्हा म्हणाले, काहीही सांगा, वेळच वेळ आहे. ‘काहीही’ आणि ‘वेळच वेळ’ हे दोन शब्द ऐकले की मी सावध होते. त्यांना एक घर दिलं, एक वार दिला, एक वेळ दिली. पंचवटीत, मंगळवारी चार वाजता, मणक्याला मार लागून मानेखालचं अंग गेलेला ३१ वर्षांचा मुलगा. काम काय, तर त्याची दाढी करून द्यायची. त्यांना ते जरा हलकं वाटलं असणार. हिशेबाचं, फंड जमवण्याचं काही काम नाही का, असं दोनदा विचारून झालं. सहा-सात महिन्यांनी एकदा ते मीटिंग संपल्यावर मागे थांबले. म्हणाले, ‘त्याची आई सांगते, मंगळवारी साडेतीनलाच तो कूस बदलून दाराकडे तोंड करून द्यायला सांगतो. मॅडम, बँकेत रोज पन्नास माणसं माझी वाट बघायची. पण ती सहीसाठी.’

मला २४ वर्षांत जे कळलं ते याहून फारसं जास्त नाही. अर्थ शोधून सापडत नाही. कोणीतरी ठरावीक वारी, ठरावीक वेळेला तुमची वाट बघू लागलं, तुमच्या सहीची किंवा चेकची नाही, आणि तुम्ही तिथे पोचलात, परत पुढच्या आठवड्याला पोचलात, की ‘कशासाठी’ हा प्रश्न हळूहळू आवाज कमी करतो. सुटत नाही. पंखा चालू असला की त्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसं काहीसं.

ही वार लावून देण्याची शिस्त मी केरळकडून घेतली. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी उपशामक सेवेची संस्था सुरू केली. पुढे मलप्पुरम आणि आसपास तिचं लोण शेजारपाजाऱ्यांपर्यंत गेलं. आपल्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे वस्तीतल्याच माणसांनी बघायचं. स्वयंसेवकाकडून मागणी काय, तर आठवड्याला किमान दोन तास. त्याआधी १६ तास वर्गातलं प्रशिक्षण आणि चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांकडे. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचं स्वतंत्र धोरण आणलं, त्याच्या मुळाशी ही दोन-दोन तासांची माणसं होती. दोन तास हा आकडा मला फार शहाणा वाटतो. कोणालाही जमेल इतका लहान, आणि त्यातून कोणी महात्मा होणार नाही याची खात्री.

गळणाऱ्यांत तुमच्यासारखी यशस्वी माणसं जास्त असतात, हे सांगितलेलं बरं. ती वाईट नसतात. त्यांना अडचण दिसली की ती सोडवायची सवय असते. पाठीला बेडसोअर्स, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमा दिसल्या? तासाभरात एअर मॅट्रेस हजर. आम्ही आभार मानतो, मॅट्रेस खरंच लागते. पण पुढच्या आठवड्याला मॅट्रेस आलेली असते, ड्रेसिंग झालेलं असतं आणि माणूस तरीही मरत असतो. आता करायचं काय? नुसतं बसायचं? हात रिकामे राहिले की त्यांना कससंच होतं. मग फोन येतात, एक्स्पोर्टची गडबड आहे, ऑडिट आहे. आमच्या कामात आउटपुट म्हणजे माणूस नीट मरतो. हे पचायला कारखान्यात वाढलेल्या मनाला वेळ लागतो.

मी शहाणपण सांगतेय खरं, पण मी काही वेगळी नव्हते. पहिल्या वर्षी सिडकोतल्या एका घरी सलग आठ आठवडे जात होते आणि स्वतःवर भलतीच खूश होते. नवव्या आठवड्याला रुग्णाची बायको दारातच म्हणाली, ‘ताई, राग मानू नका. तुम्ही आलात की मला चहा करावा लागतो. दूध मोजकंच असतं.’ आठ आठवडे मी तिच्या पोराच्या वाटणीचं दूध पिऊन समाजसेवा करत होते. तेव्हापासून आमच्या पथकात रुग्णाच्या घरी चहा घेत नाहीत. आग्रह मोडवत नसेल तर घरातल्या बाईला बसवतो आणि चहा आम्ही करतो, दूध आमचं. नव्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी मी औषधांबद्दल काही सांगत नाही, ही चहाची गोष्ट सांगते. आणि फोटो काढायचा नाही हे सांगते. रुग्णाचा तर नाहीच, स्वतःचाही नाही.

आता कारखाना. विकू नका, निदान या कारणासाठी तरी विकू नका. महर्षी कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९६ मध्ये विधवांसाठीची संस्था सुरू झाली, १९०० मध्ये ती पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेली, आणि कर्वे हिंगण्याहून कॉलेजपर्यंत रोजची पायपीट करत राहिले. सकाळी गणित, बाकी वेळ आश्रम. नोकरी सोडल्यावर मगच आयुष्य सुरू होईल असं त्यांना वाटलं नाही. महिला विद्यापीठ निघालं १९१६ मध्ये, तेव्हा त्यांचं वय ५८. तुम्हाला अजून चार वर्षं आहेत. शिवाय तुमच्या कारखान्यावर साठ घरांच्या चुली पेटतात. तुमच्या मनःशांतीची किंमत त्यांनी का मोजायची?

ट्रस्ट तर दोन वर्षं काढूच नका. कारण तुम्ही तो उत्तम चालवाल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, देणगीदारांच्या करसवलतीसाठी ८०-जी, ऑडिट, मग वर्धापनदिन, मग प्रमुख पाहुणे, मग पुरस्कार. पाच वर्षांत तुमच्याकडे आणखी एक बरा चाललेला कारखाना असेल आणि गेटमधून गाडी आत घेताना तोच प्रश्न. पैसे द्यायचे असतील तर जी संस्था आधीच काम करतेय तिला द्या, नाव न लावता द्या, आणि दिल्याचं जेवताना कोणाला सांगू नका. हे शेवटचं फार अवघड आहे, करून बघा.

इकिगाईच्या वर्तुळांबद्दल मुलीला दुखवू नका, पण ती चार वर्तुळं जपानी नाहीत. एका स्पॅनिश लेखकाची ‘जीवनाचा उद्देश’ दाखवणारी आकृती होती. २०१४ मध्ये एका इंग्रज ब्लॉगरने तिच्या मधोमध ‘इकिगाई’ हा शब्द बसवला आणि ती जगभर फिरली. त्यातलं एक वर्तुळ ‘ज्याचे पैसे मिळतील ते’ असं आहे. ते तर तुमचं भरून वाहतंय, म्हणून उजेड पडला नसेल. जपानी लोकांच्या तोंडी हा शब्द बराच साधा आहे. नातू, कुंडीतलं झाड, सकाळचं फिरणं, यातलं काहीही चालतं. तिथल्या ओसाकी भागात ४३ हजारांहून जास्त प्रौढांना ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का’ एवढाच सरळ प्रश्न विचारला होता आणि सात वर्षं त्यांची नोंद ठेवली. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, २००८ मध्ये ते छापून आलं. संशोधकांनी वय, आधीचे आजार वगैरे हिशेबात धरले होते. तरी अशा अभ्यासातून आधी काय आणि नंतर काय हे पक्कं ठरत नाही. एवढं मात्र लक्षात घ्या, प्रश्न ‘तुमचं जीवनध्येय काय’ असा नव्हता. सकाळी उठावंसं वाटायला काहीतरी आहे की नाही, इतपतच होता.

मी स्वयंसेवकांना ‘तुम्हाला काय आवडतं’ असं विचारणं कधीच सोडून दिलं. आवडणाऱ्या गोष्टी दर महिन्याला बदलतात. मी विचारते, तुम्हाला खुपतं काय? कोणती गोष्ट आठवली की तुम्ही विषय बदलता? बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत होते. पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते भिऊन पळाले. १९४९ ची महारोगी सेवा समिती, १९५१ मध्ये सुरू झालेलं आनंदवन, हे सगळं त्या पळण्याच्या पोटातून आलंय. त्यांना तिथे ओढून नेलं ते आवडीने नाही. आपण घाबरलो, हे त्यांना सहन होईना.

आणि तुमचं काय खुपतंय, ते तुम्ही लिहिलेलं आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर, जीएसटीची तक्रार आणि मित्राची आठवण यांच्या मध्ये: ‘मागच्या वर्षी आमच्याकडे १९ वर्षं असलेला जुना प्रेस ऑपरेटर तोंडाच्या कॅन्सरने गेला. बायको हिशेब घ्यायला आली तेव्हा लक्षात आलं, त्याला मुलं किती हेही मला माहीत नाही.’ आणि पुढच्याच ओळीत तुम्ही मित्राच्या क्रिकेटबद्दल लिहू लागलात. विषय बदललात.

मी तुमच्या जागी असते तर ट्रस्ट, संस्था, वर्तुळं सगळं बाजूला ठेवून तिथून सुरुवात केली असती. हिशेब म्हणजे ग्रॅच्युइटी आणि राहिलेला पगार दिला असणार. पण पीएफबरोबर कर्मचारी पेन्शन योजना असते, तिच्यात विधवेला पेन्शन असतं, आणि दोन मुलांना २५ वर्षांची होईपर्यंत वेगळं. नोकरीत असताना माणूस गेला तर ईडीएलआय नावाचा विमा असतो, सात लाखांपर्यंत मिळू शकतात. असे अर्ज न केलेली घरं मी इतकी पाहिलीत की आता मोजत नाही. कधी नावाच्या स्पेलिंगवरून अडलेलं असतं, कधी बँकेच्या केवायसीवरून, कधी फॉर्मच कोणी दिलेला नसतो. तुमच्या ऑफिसातला क्लार्क हे एका दुपारी तपासू शकतो. त्याला सांगू नका, स्वतः त्याच्या शेजारी बसा. मुलं किती, नावं काय, वयं किती, हे त्या फायलीतच मिळेल.

त्याच प्रेस शॉपमध्ये आज किती जणांच्या खिशात पुडी आहे, तेही बघा. पगार वाटायच्या दिवशी एका डेंटिस्टला बोलावून साठ जणांची तोंडं तपासून घेता येतात. तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी आत जात नाहीत, आत पांढरा चट्टा आहे, दोन-तीन आठवडे झाले तरी फोड बरा होत नाही, अशा माणसाला पुढे पाठवायचं असतं. आमच्याकडे येणारे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण बहुतेक उशिरा आलेले असतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आधी वर्षभर तोंडात काहीतरी आहे हे कामाच्या ठिकाणी कोणाला ना कोणाला सांगितलेलं असतं.

मुलं कारखान्यात येणार नाहीत याचं दुःख तुम्ही दोनदा लिहिलंय. ते खरंच आहे, त्यावर फुंकर घालत बसत नाही. एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने म्हटलं होतं की मधल्या वयाचं मोठं काम म्हणजे मागून येणाऱ्यांना घडवणं, आणि ते नाही जमलं तर माणूस साचतो. मागून येणारे स्वतःच्याच पोटचे असले पाहिजेत अशी अट त्यात नाही. तुमच्याकडे आयटीआयची ॲप्रेंटिस पोरं येतात ना? डाय सेट करणं हातात कसं बसतं हे तुम्हाला येतं, तुमच्या मॅनेजरला येत नाही. आठवड्यातून एक सकाळ, एकच वार, शर्टाच्या बाह्या वर करून. पण हे नंतर. एका वेळी एकच धरा, नाहीतर परत डायरी भरून जाईल आणि तुम्हाला बरं वाटेल.

तुमच्या पत्नीबद्दल. ‘तुम्हाला काय कमी आहे?’ हा टोमणा आहे असं तुम्ही धरून चाललात. कदाचित त्या खरंच विचारत असतील. आणि कदाचित त्यांना तुमच्या उलट त्रास असेल. मी घरोघरी अशा बायका बघते, ज्यांची सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत सगळे वाट बघत असतात. सासूचं डायपर, नवऱ्याचा डबा, मुलांचे फोन. त्यांना कोणी ‘सेवेत अर्थ आहे’ म्हणालं तर मीच मध्ये पडते. त्यांना अर्थ नको असतो, दोन तास झोप हवी असते. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात होतात तेव्हा घर कोण चालवत होतं? तेव्हा तुमच्या नव्या कामात त्यांना ओढू नका. त्यांना काय खुपतं ते आधी विचारा, आणि उत्तर आलं की लगेच सोडवायला धावू नका.

आता त्या प्रेस ऑपरेटरच्या घरी जायचं कसं ते सांगते, कारण तुम्ही जाल असं मला वाटतंय. आधी फोन करा. मालकाचा फोन आला की त्या बाईच्या पोटात गोळा येईल, म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की पैसे परत मागायला येत नाही, पेन्शनचे कागद बघायला येतोय. एकटे जाऊ नका, त्याच्याबरोबर काम केलेला एखादा जुना माणूस सोबत घ्या. पाकीट नेऊ नका. पेन्शनची माहिती द्या, जे झालं नसेल ते कधी होईल ते सांगा, आणि मग थोडा वेळ कागद बाजूला ठेवा. त्याच्या मुलांना त्यांचा बाप काय काम करायचा हे बहुधा कोणी सांगितलेलं नाही. ‘कंपनीत होते’ एवढंच त्यांना माहीत असतं. तो कोणत्या प्रेसवर उभा असायचा, तिचा आवाज किती असतो, डाय सैल झालीय हे त्याला नुसत्या आवाजावरून कसं कळायचं, हे सांगा. तुम्हाला माहीत नसेल तर सोबतचा माणूस सांगेल, तुम्हीही ऐका. परत कधी येणार हे सांगायचं असेल तर वार आणि वेळ सांगा, आणि पाळणं होणार नसेल तर सांगूच नका. मोठी गाडी मेन रोडलाच लावा, त्या गल्ल्यांत ती वळत नाही.

आणि चहा येईल. आमचा नियम तिथे पाळायला जाऊ नका. तुम्ही मालक आहात, तुम्ही ‘नको’ म्हणालात तर त्या घरात त्याचा अर्थ वेगळा होतो. खाली बसा आणि पूर्ण कप प्या.